पाच मिनिटांत बरा झालेला हात

समजा, मोर्शीकडच्या एका गावात दुपारची वेळ आहे. आई-बाबा वावरात गेलेत, घरात तुम्ही आणि आबाजी. आबाजी चहाचा कप उचलायला जातात आणि कप हातातून गळून पडतो. पुन्हा उचलायला जातात, तर बोटं वळतच नाहीत. "काय झालं जी, आबाजी?" तुम्ही विचारता. ते काहीतरी सांगतात, पण शब्द तोंडातल्या तोंडात घोळतात. तुम्ही घाबरता. आणि पाचच मिनिटांत सगळं पहिल्यासारखं! हात हलतो, बोलणं स्वच्छ. आबाजी म्हणतात, "काई नाई रे बाप्पा, मुंग्या आल्या असतीन. तुह्या मायले सांगू नोको, उगाच भेईन ते."

आता सांगा, आईला सांगायचं की नाही?

सांगायचं. लगेच सांगायचं, आणि आबाजींना त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला, दवाखान्यात न्यायचं. बरा झालेला हात दवाखान्यात कशाला न्यायचा, असं तुम्ही विचाराल. उत्तरासाठी आपल्याला आबाजींच्या डोक्यात शिरावं लागेल. चला, तिथे नवलाच्या गोष्टींची कमी नाही.

मोठ्या माणसाचा मेंदू असतो साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण आपण श्वासातून घेतो त्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा वापरतो. तुम्ही गणित सोडवत असा नाहीतर ढाराढूर झोपलेले असा, त्याची भूक फारशी कमी होत नाही. मोठ्या माणसाच्या मेंदूतून दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त वाहतं. आणि एवढा खादाड असूनही हा पठ्ठ्या स्वतःजवळ शिल्लक जवळपास काहीच ठेवत नाही. स्नायूंकडे थोडी साखर साठवलेली असते, यकृताकडे असते, मेंदूकडे नाही म्हटलं तरी चालेल. त्याला लागेल ते त्या क्षणी रक्तातूनच मिळायला हवं. सगळ्या मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर दहा-बारा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते, आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

हे रक्त वर नेणाऱ्या मुख्य धमन्या चार. दोन मानेच्या पुढच्या बाजूने जातात, दोन मागून, मणक्यांच्या छिद्रांतून वाट काढत. पुढच्यांपैकी एक तुम्हाला आत्ता सापडेल. जबड्याच्या खाली, मानेच्या एका बाजूला दोन बोटं हळूच टेकवा. ठुक-ठुक लागलं ना? (एका वेळी एकच बाजू बघायची हं, आणि दाबायचं नाही.) तो तुमच्या मेंदूचा शिधा वर चाललाय.

या चार वाटा मेंदूच्या तळाशी एकमेकींना मिळतात आणि तिथे एक सुंदर कडं तयार होतं. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरांनी १६६४ साली आपल्या पुस्तकात त्याचं नेमकं वर्णन केलं. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तेच हे वर्ष! त्या पुस्तकातली मेंदूची चित्रं काढणाऱ्यांत होते ख्रिस्तोफर रेन, ज्यांनी पुढे लंडनचं प्रसिद्ध सेंट पॉल कॅथेड्रल बांधलं. या कड्याची गंमत अशी की चारपैकी एखादी वाट हळूहळू अरुंद झाली, तर बाकीच्या वाटांनी आलेलं रक्त कड्यातून फिरून त्या बाजूला पोचू शकतं. सगळ्यांचं कडं सारखं पूर्ण नसतं, पण ज्यांचं चांगलं असतं त्यांना त्याचा मोठा आधार होतो.

कड्याच्या पुढे मात्र धमन्यांना फाटे फुटत जातात, बारीक बारीक होत जातात, आणि तिथे शेजाऱ्याची मदत फार मिळत नाही. मोर्शी-वरूडच्या पोरांना हे समजवायला मला फार बोलावं लागणार नाही. संत्र्याच्या बगिच्यातलं ठिबक तुम्ही पाहिलंय. मोठा पाइप, त्याला बारीक नळ्या, नळीला झाडापाशी ड्रिपर. एखाद्या नळीत कचरा अडकला की पुढची झाडं सुकतात, बाकीचा बगिचा हिरवागार. नळी फुटली, तर पाणी भलतीकडेच साचतं आणि पुढच्या झाडांना तरीही मिळत नाही. मेंदूत नेमक्या याच दोन गोष्टी होतात. रक्ताची गुठळी अडकून धमनी बंद पडते, नाहीतर धमनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्हीला डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. आपल्याकडे म्हणतात लकवा मारला, अंगावरून वारं गेलं, पक्षाघात झाला. बहुतेकदा कारण पहिलं असतं, म्हणजे गुठळी.

आणि कधी कधी अडकलेला कचरा पाण्याच्या जोराने आपोआप पुढे निघून जातो, पुन्हा थेंब पडायला लागतात. आबाजींच्या हाताचं तेच झालं! गुठळी बारीक होती, काही मिनिटं अडकली आणि विरघळली. पेशी उपाशी पडल्या होत्या, पण मरायच्या आत रक्त आलं. याला म्हणतात मिनी स्ट्रोक, छोटा झटका. तो बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरतो आणि मागे काही ठेवत नाही.

मग घाबरायचं कशाला? कारण गुठळी आली कुठून, हा प्रश्न तसाच राहतो. मानेच्या धमनीत चरबीचा थर साचला असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, जे काही असेल ते अजून तिथेच आहे आणि दुसरी गुठळी पाठवू शकतं. उपचार न घेतलेल्या शंभर जणांपैकी दहाच्या आसपास लोकांना तीन महिन्यांत मोठा स्ट्रोक येतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. म्हणजे "सोमवारी दाखवू, बाजाराच्या दिवशी जाऊ" म्हणण्यात तेच दोन दिवस जातात. उलट बाजूची गोष्टही ऐका. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी मिनी स्ट्रोक किंवा सौम्य स्ट्रोक आलेल्यांना ताबडतोब तपासून त्याच दिवशी औषधं सुरू केली. २००७ साली त्यांनी निकाल सांगितला. तीन महिन्यांत पुन्हा स्ट्रोक येणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दहावरून दोनावर आलं होतं. औषधं नवी नव्हती, जुनीच होती. रक्त गोठू न देणारी, बीपी उतरवणारी, चरबी कमी करणारी. बदललं होतं ते एवढंच की ती लवकर दिली गेली. मला हा प्रयोग फार आवडतो. कधी कधी नुसतं घाई करणं हेच केवढं मोठं औषध असतं बघा!

आता एक विचित्र गोष्ट. आबाजींचा उजवा हात लुळा पडला असेल, तर गडबड मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली असते. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. मेंदूतून निघालेले बहुतेक तंतू मानेच्या वरच्या टोकाशी एकमेकांना ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात. असं का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. तुमच्यापैकी कुणीतरी मोठं होऊन सांगा.

बोलण्याची केंद्रंही बहुतेकांच्या डाव्याच बाजूला असतात. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे १८६१ साली एक रुग्ण होता. त्याला बोललेलं बरंचसं समजायचं, पण काहीही विचारलं की तोंडून एकच अक्षर निघायचं, "टॅन". तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, तर डावीकडे पुढच्या भागात इजा झालेली! उजव्या बाजूच्या स्ट्रोकची तऱ्हा आणखी निराळी. काही रुग्णांना डावीकडचं जगच जणू उरत नाही. डोळे ठीक असतात, तरी ताटातली उजवीकडची भाजी-भाकर खातात, डावीकडची तशीच राहते. ताट फिरवून दिलं की, अरे, अजून आहे की!

पण पुन्हा घड्याळाकडे वळू, कारण स्ट्रोकमध्ये सगळा खेळ वेळेचा आहे. तुमच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. मोठी धमनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब एका अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडला. अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, १९९६ पासून स्ट्रोकसाठी वापरात आहे. पण ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. मोठी गुठळी असेल तर मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टर ती गुठळी ओढून बाहेर काढतात! काही निवडक रुग्णांमध्ये हे चोवीस तासांपर्यंतही करता येतं, पण ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत असते.

हे साडेचार तास केव्हापासून मोजायचे? रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कधीपर्यंत बरे होते?" आणि उत्तर बऱ्याचदा घरातल्या मुलांकडेच असतं. तुम्ही घड्याळात पाहून वेळ कागदावर लिहून ठेवलीत, तर मोठं काम केलंत.

धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही मेळघाटातला वळणावळणाचा रस्ता. तिथल्या रुग्णाचे निम्म्याहून जास्त तास वाटेतच जातात. मग घरी वाट बघायला वेळ उरतोच कुठे?

आणि दवाखान्यात पोचल्यावर लगेच इंजेक्शन का देत नाहीत, आधी डोक्याचा फोटो का काढतात? कारण बाहेरून पाहून गुठळी आहे की रक्तस्राव, हे नक्की सांगता येत नाही. लुळा हात दोन्हीत सारखाच दिसतो. रक्तस्राव होत असताना गुठळी विरघळवायचं औषध दिलं, तर रक्त आणखी वाहील! म्हणून सीटी स्कॅन. त्यात ताजं रक्त पांढरं दिसतं आणि डॉक्टरांना वाट कळते. हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, शेतावर वाढलेले इंजिनिअर होते. ते नोकरी करायचे ती ईएमआय ही कंपनी गाण्यांच्या रेकॉर्डसाठी जगप्रसिद्ध होती. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा असा फोटो निघाला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आधीच्या डॉक्टरांना कवटीच्या आत काय चाललंय याचा अंदाजच बांधावा लागायचा.

आता तुमचं काम. ओळखायचं कसं? तीन शब्द पाठ करा: हसा, हात, बोला.

"आबाजी, हसा बरं." ओठाचा एक कोपरा खाली लोंबला का?

"दोन्ही हात समोर उचलून धरा." एक हात आपोआप खाली यायला लागला का?

"म्हणा, आज आपल्याला अंबादेवीला जायचं आहे." शब्द अडखळले, घोळले, भलतेच निघाले का?

तिन्हींपैकी एकही गडबड अचानक झाली असेल तर स्ट्रोक समजायचं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. कधी कधी लक्षणं वेगळी असतात. एका डोळ्याला एकदम दिसेनासं होतं, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एकाएकी दुखतं. सगळ्यांत महत्त्वाची खूण 'अचानक' हीच. फोनवर "आजोबांना लकव्याचा झटका वाटतोय, इतक्या वाजता सुरू झाला" असं स्पष्ट सांगा, आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. अमरावतीचं इर्विन आणि अकोल्याचं सर्वोपचार ही मोठी सरकारी रुग्णालयं तुम्हाला ठाऊकच आहेत. आजोबांच्या रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत द्या.

गाडी येईपर्यंत काय करायचं नाही, तेही ऐका. पाणी पाजायचं नाही, काही खायला घालायचं नाही. स्ट्रोकमध्ये गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा घरातल्यांना सहज वाटेल की ऊन लागलं, द्या कैरीचं पन्हं. तोंड वाकडं झालं असेल, एकाच बाजूचा हात-पाय गेला असेल, तर पन्हं नाही, १०८! मनाने कुठलीही गोळी द्यायची नाही, बीपीची नाही आणि अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण रक्तस्राव असेल तर तीच घात करील. उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. आणि कुणी कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला दिला, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणायचं. कबुतराच्या रक्ताने मेंदूतली गुठळी हलत नाही. कबूतरही मरतं आणि वेळही जातो.

हा आजार मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा आहे असं समजू नका. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं घरच्यांना विचारून शोधली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ स्ट्रोकमुळे झाले होते. सगळ्या कारणांत पहिला नंबर स्ट्रोकचा! आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले होते. हा आकडा वाचला की मला स्वस्थ बसवत नाही.

स्ट्रोक येतो कशाने? सगळ्यांत मोठं कारण उच्च रक्तदाब, म्हणजे बीपी. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त राहिलं की धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं मार खातात, जाड आणि कडक होतात, कधी फुटतात. आणि बीपी दुखत नाही! म्हणून "मले काही होत नाही" म्हणत माणसं गोळी सोडून देतात. दुसरं कारण तंबाखू. आपल्याकडचा खर्राही त्यातच आला. तंबाखू फक्त तोंडाचं वाटोळं करते असं नाही, ती धमन्याही खराब करते. मग मधुमेह, दारू, हृदयाचे अनियमित ठोके. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा कमी हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, चिवडा मोजून बघा, दुपारीच हिशेब संपतो.

मुलांना स्ट्रोक येतो का? क्वचित येतो. विदर्भात सिकलसेलचा आजार असलेली मुलं आहेत, मेळघाटातही आहेत. त्यांच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, धमन्यांना इजा करतात, आणि लहान वयातही स्ट्रोक येऊ शकतो. तुमच्या वर्गात असा मित्र असेल आणि खेळताना अचानक त्याचा हात किंवा बोलणं गेलं, तर तो नाटक करतोय असं समजू नका. धावत जाऊन सरांना सांगा.

आणि स्ट्रोक येऊन गेलाच तर? मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल हजारदा करावी लागते. फिजिओथेरपी म्हणजे मेंदूची शाळाच. तिथे रोज हजेरी लागते आणि सुट्टी घेतली की अभ्यास मागे पडतो. आणखी एक नवल सांगतो. बोलणं गेलेले काही आजोबा पाणी मागू शकत नाहीत, पण भजन सुरू केलं की सूर आणि शब्द दोन्ही बरोबर येतात! गाण्यासाठी मेंदूची उजवी बाजूही कामाला लागते. खंजिरीच्या भजनांच्या या मुलखात हा प्रयोग करायला काय हरकत आहे? आजोबांजवळ बसा, त्यांच्या ओळखीचं भजन म्हणा. आणि ते बोलत नाहीत म्हणून त्यांना समजत नाही असं धरून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काहीबाही बोलू नका. बऱ्याचदा त्यांना सगळं समजत असतं.

आणि स्ट्रोक आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना ऑक्टोबर १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी मोठा स्ट्रोक आला. डावा हात आणि डावा पाय गेला, आणि ती बाजू जन्मभर अधू राहिली. तेव्हा ना सीटी स्कॅन होता, ना इंजेक्शन. तरी ते पुन्हा प्रयोगशाळेत गेले. १८८५ साली पिसाळलेला कुत्रा चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर ज्या लशीने वाचला, ती या माणसाने स्ट्रोकनंतर सतरा वर्षांनी तयार केलेली होती.

आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांना विचारा, शेवटचं बीपी कधी मोजलं? सरकारी दवाखान्यात आणि गावातल्या उपकेंद्रात ते फुकट मोजतात. फोनजवळच्या भिंतीवर १०८ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. या नंबरला पैसे पडत नाहीत, तो रात्री-बेरात्री कधीही लागतो, आणि फोन मुलानं किंवा मुलीनं केला तरी गाडी येते.